दशांश अपूर्णांक शिकवताना: तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेमक्या कुठे होतात त्या चुका

०.१२५ आणि ०.५ यांतली मोठी संख्या कोणती, असं पाचवी-सहावीच्या मुलांना विचारलं की बरीच मुलं ०.१२५ म्हणतात. ६.८ + ३.५ या बेरजेचं उत्तर ९.१३ लिहितात. ६.१२ ला ६ ने भागायला सांगितलं तर १.२ येतं. चुका तीन दिसतात, मूळ एकच आहे. मूल टिंबाच्या डावीकडे एक संख्या वाचतं आणि उजवीकडे दुसरी. त्याच्या दृष्टीने १२५ हे ५ पेक्षा मोठे, ८ आणि ५ मिळून १३, आणि १२ भागिले ६ म्हणजे २. प्रत्येक पायरी त्याच्या हिशोबाने बरोबरच आहे.

हा समज तसाच ठेवून वरून नियम पाठ करून घेतले, तर परीक्षेपुरतं जमतं आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच ९.१३ येतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. घरी शिकवणारे पालक, शिकवणी घेणारे आणि स्पर्धा परीक्षेसाठी पुन्हा पाया पक्का करणारे, सगळ्यांसाठी क्रम हाच.

तयारी: आधी हे जमतंय का ते बघा

दशांश सुरू करण्याआधी तीन प्रश्न विचारा.

पहिला: ३४०७ मध्ये ४ ची किंमत किती? उत्तर ‘चार’ आलं तर थांबा. ‘चारशे’ हवं. स्थानिक किंमत पक्की नसताना टिंबाच्या पलीकडे जाण्यात अर्थ नाही.

दुसरा: ३/४ आणि ७५/१०० सारखेच का? सममूल्य अपूर्णांक हलत असतील तर दोन दिवस त्यांना द्या.

तिसरा: १०० चे दहा समान भाग केले तर एक भाग केवढा? १० चे केले तर? आणि १ चे केले तर? शेवटच्या प्रश्नावर मूल अडखळलं तर हरकत नाही. धडा तिथूनच सुरू होतो.

साहित्य फार लागत नाही. गणिताची चौकटीची वही, शिंप्याचा टेप किंवा मोजपट्टी, बरोबर एक मीटर लांबीची कागदी पट्टी (जुनं कॅलेंडर कापून जोडली तरी चालेल) आणि वहीतच आखलेला दहा बाय दहा चौकटींचा एक चौरस.

सावधान: सुरुवात रुपये-पैशांनी करू नका. पुस्तकात ती सोपी वाटते, पण २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. आजच्या मुलाच्या हातात पैसा हे नाणं कधी आलेलंच नाही. शिवाय ‘बारा रुपये पन्नास पैसे’ या बोलण्यात दोन वेगळ्या पूर्ण संख्याच ऐकू येतात, आणि आपल्याला तोच समज तर काढायचा आहे. तिसऱ्या स्थानाला तर पैशांत काही मिळतच नाही. रुपये-पैसे बेरजेच्या टप्प्यावर आणा, तिथे ते उपयोगी पडतात.

टप्पा १: एककाच्या उजवीकडची घरं

एक मीटरची पट्टी जमिनीवर पसरा. ही पूर्ण पट्टी म्हणजे १. तिच्यावर दर १० सेंटिमीटरला रेघ मारा. दहा भाग झाले, प्रत्येक भाग एक दशांश. एका भागाचे पुन्हा दहा भाग करा: प्रत्येक भाग १ सेंटिमीटर, म्हणजे पूर्ण पट्टीचा एक शतांश. त्याचेही दहा भाग केले की मिलिमीटर, म्हणजे सहस्रांश.

आता घरातलं टेबल मुलाला या पट्टीने मोजू द्या. समजा सहा मोठे भाग बसले, वर तीन सेंटिमीटर आणि चार मिलिमीटर उरले. हे तक्त्यात भरायचं:

शतक | दशक | एकक | दशांश | शतांश | सहस्रांश
० | ० | ० | ६ | ३ | ४

म्हणजे ०.६३४ मीटर. यातला ६ हा ‘सहा’ नाही, सहा दशांश आहे, हे मुलाने पट्टीवर बोट ठेवून दाखवायला हवं. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगा. डावीकडून उजवीकडे येताना प्रत्येक घर आधीच्या घराच्या दहाव्या भागाचं असतं: शतक, दशक, एकक. एककापाशी हा नियम थांबत नाही, तसाच पुढे चालतो. टिंबाचं काम फक्त एककाचं घर कुठे संपतं ते दाखवण्याचं.

यातूनच मुलांचा आणखी एक प्रश्न सुटतो: ‘डावीकडे एकक आहे, मग उजवीकडे एकांश का नाही?’ तक्त्याचा मध्य टिंब नाही, एकक आहे. एककाच्या एका बाजूला दशक, दुसऱ्या बाजूला दशांश. त्यापुढे एकीकडे शतक, दुसरीकडे शतांश.

सावधान: चौकटीच्या वहीत टिंबाला स्वतंत्र चौकट देऊ नका. अंक चौकटीत, टिंब दोन चौकटींमधल्या रेघेवर. टिंबाला चौकट दिली की पुढे बेरजेत एखादी संख्या एक घर सरकते आणि कारण सापडत नाही.

तपासा: २०.०६ मध्ये ६ ची किंमत किती? ‘सहा शतांश, पट्टीवर सहा सेंटिमीटर’ असं उत्तर आलं की पुढे जा. मग विचारा, यातलं दशांशाच्या घरातलं शून्य काढून टाकलं तर काय होईल? २०.६ होईल आणि सहा सेंटिमीटरचे साठ होतील, हे मुलाने स्वतः सांगायला हवं.

टप्पा २: वाचायचं कसं, लिहायचं कसं

निम्मी गडबड तोंडातून होते. ३.२५ ला आपण सगळेच सहज ‘तीन पॉइंट पंचवीस’ म्हणतो. शिकायच्या काळात हे पूर्ण बंद ठेवा, घरातल्या मोठ्यांनीसुद्धा. दोनच वाचनं चालतील:

१. तीन दशांश चिन्ह दोन पाच
२. तीन पूर्णांक पंचवीस शतांश

दुसऱ्या वाचनात ‘शतांश’ हा शब्द गाळायचा नाही. पंचवीस म्हटलं की पंचवीस काय, हे लगेच यायला हवं. दोन्ही वाचनं जोडणारा प्रश्न असा विचारा: पंचवीस शतांशांत दशांश किती आणि सुटे शतांश किती? दोन दशांश आणि पाच शतांश. हा सराव कंटाळवाणा वाटला तरी दोन-तीन दिवस रोज दहा संख्या घ्या. पुढची तुलना आणि वजाबाकी यावरच उभी आहे.

लिहिताना पूर्णांकाचा भाग नसेल तर टिंबाआधी शून्य हवंच: ०.५ असं लिहा, .५ असं नाही. हा नुसता नीटनेटकेपणा नाही. औषधाच्या मात्रेत हे शून्य राहिलं आणि पुसट टिंब दिसलं नाही तर ०.५ मिलिग्रॅमचे ५ मिलिग्रॅम होतात, म्हणजे दहापट. त्याच कारणाने औषधाची मात्रा लिहिताना ‘१.०’ न लिहिता ‘१’ लिहायचा दंडक आहे.

जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये शिकणाऱ्या मराठी मुलांच्या वहीत टिंबाच्या जागी स्वल्पविराम दिसेल. तिथे तेच चिन्ह आहे. घरं आणि किमती त्याच.

तपासा: तुम्ही बोला, मुलाने लिहायचं. ‘सात पूर्णांक पाच शतांश’, ‘सात पूर्णांक पाच दशांश’, ‘सात पूर्णांक पन्नास शतांश’. उत्तरं ७.०५, ७.५, ७.५०. मग विचारा, यांतल्या कोणत्या दोन सारख्या आहेत आणि का?

टप्पा ३: अपूर्णांकापासून दशांशापर्यंत

छेद १०, १०० किंवा १००० असेल तर काम सरळ: ३/१० = ०.३, ७/१०० = ०.०७, ४१/१००० = ०.०४१. इथे मुलं ७/१०० ला ०.७ लिहितात. ‘शंभर म्हणजे शतांशाचं घर, सातचा शेवट त्या घरात’ एवढं म्हणून तक्त्यात लिहायला लावा.

छेद वेगळा असेल तर आधी तो १०, १०० किंवा १००० करा. १/५ = २/१० = ०.२. ३/४ = ७५/१०० = ०.७५. १/८ = १२५/१००० = ०.१२५.

सावधान: ३/४ चं ३.४ आणि १/५ चं १.५ किंवा ०.१५ करणारी मुलं पुष्कळ असतात. त्यांना रेघेच्या जागी टिंब दिसतं. यावर उपाय पावकी-निमकीच्या शब्दांत आहे आणि ते शब्द घराघरांत आहेत. पाव ०.२५, अर्धा ०.५, पाऊण ०.७५, सव्वा १.२५, दीड १.५, पावणेदोन १.७५, अडीच २.५, पावणेचार ३.७५. पाऊण किलो साखर एक किलोपेक्षा कमी, मग ३/४ हे ३.४ कसं असेल? एवढा प्रश्न पुरतो. हल्ली मुलांना ‘पावणेदोन’ कळत नाही अशी तक्रार असते. दशांश शिकवतानाच ते शिकवून टाका, दोन्ही कामं होतात.

१/३ करायला गेलं की ०.३३३… संपतच नाही. मुलाला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. चुकलेलं नाही. अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात असताना छेदाच्या मूळ अवयवांत २ आणि ५ सोडून दुसरी संख्या असेल, तर दशांश रूप कधीच संपत नाही. म्हणून १/८ संपतो आणि १/३, १/६, १/७ संपत नाहीत.

टप्पा ४: लहान-मोठं ठरवणं

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. इथे चुकीचा समज दोन प्रकारचा असतो आणि दोघांचे उपाय वेगळे आहेत.

पहिला प्रकार ‘लांब तेवढी मोठी’: ४.६३ > ४.८, कारण ६३ > ८. दुसरा प्रकार ‘आखूड तेवढी मोठी’: ०.३ > ०.५२, कारण ‘दशांश मोठे, शतांश छोटे’. दुसऱ्या प्रकारचं मूल हुशार असतं, त्याने अर्धी गोष्ट ऐकलेली असते. घोटाळा असा की ४.८ आणि ४.६३ ही जोडी दिली तर हे मूल बरोबर उत्तर देतं, कारण मात्र चुकीचं असतं. म्हणून एकाच जोडीवर निर्णय घेऊ नका. दोन्ही तऱ्हेच्या जोड्या द्या आणि प्रत्येक वेळी कारण विचारा.

पद्धत अशी:

१. संख्या एकाखाली एक लिहा, टिंबाखाली टिंब.
२. पूर्णांकाचा भाग बघा. तो वेगळा असेल तर निर्णय झाला.
३. सारखा असेल तर फक्त दशांशाचं घर बघा. तिथे फरक दिसला की थांबा, पुढचे अंक बघूच नका.
४. तिथेही सारखे असतील तर शतांश, मग सहस्रांश.
५. घर रिकामं असेल तर तिथे शून्य धरा.

पाचव्या पायरीमुळे ४.८ हे ४.८० होतं आणि ४.६३ शी तुलना सोपी होते. पण ‘शून्य लावून अंक सारखे करा’ हा नियम एकटाच शिकवू नका. तसं केलं तर मूल पुन्हा ८० आणि ६३ या पूर्ण संख्याच बघू लागतं. उत्तर बरोबर येतं, समज तोच राहतो. आधी घरं बघायची, शून्य नंतर.

खरं उदाहरण घ्या. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये बीड जिल्ह्याच्या अविनाश साबळे यांची वेळ होती ८ मिनिटं ११.२० सेकंद. केनियाच्या अब्राहम किबिवोट यांची ८ मिनिटं ११.१५ सेकंद. पहिला कोण? मुलाला साबळेंची वेळ मुद्दाम ११.२ अशी लिहून द्या. ‘१५ मोठे, २ लहान’ म्हणणारं मूल साबळेंना सुवर्णपदक देऊन टाकतं. प्रत्यक्षात दशांशाच्या घरात त्यांचे २ आणि किबिवोट यांचा १. साबळेंना जास्त वेळ लागला, फरक ०.०५ सेकंदाचा, आणि पदक रौप्य. शतांश केवढा असतो आणि त्याची किंमत काय, हे १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही दिसलं होतं. ४०० मीटर अडथळा शर्यतीत पी. टी. उषा यांची वेळ ५५.४२ सेकंद आणि कांस्यपदक मिळवणाऱ्या धावपटूची ५५.४१.

तपासा: ०.३ आणि ०.४ यांच्या मध्ये एखादी संख्या आहे का? ‘नाही’ असं उत्तर आलं तर पट्टी पुन्हा काढा आणि ३० ते ४० सेंटिमीटरच्या मधल्या रेघा मोजायला लावा. मग विचारा, ०.३४ आणि ०.३५ च्या मध्ये?

टप्पा ५: बेरीज आणि वजाबाकी

आधीचे चार टप्पे नीट झाले असतील तर हा लवकर संपतो. नियम एकच: टिंबाखाली टिंब. पूर्ण संख्यांच्या बेरजेत मुलांना उजवीकडची कड जुळवायची सवय असते, ती इथे सोडायची.

४.५ + २.३७ मांडताना ५ च्या खाली ३ येतो, ७ नाही. १२ + ३.४ मध्ये १२ चं टिंब दिसत नाही, म्हणून मूल ४ च्या वर २ ठेवतं. पूर्ण संख्येचं टिंब एककानंतर असतं: १२ म्हणजे १२.०. उत्तर १५.४.

६.८ + ३.५ इथे ८ दशांश आणि ५ दशांश मिळून १३ दशांश, म्हणजे १ पूर्ण आणि ३ दशांश. हातचा टिंब ओलांडून एककात जातो. उत्तर १०.३. दशकात हातचा जातो तसाच हा.

वजाबाकीत खरी अडचण ५ − २.३८ सारख्या गणितांत येते. मूल ५ मधून २ वजा करतं, ३८ तसेच खाली उतरवतं आणि ३.३८ लिहितं. आधी ५.०० लिहायची सवय लावा, उत्तर २.६२. सरावासाठी साबळेच पुन्हा घ्या: २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्यांनी ८ मिनिटं ९.९१ सेकंद वेळ दिली. बर्मिंगहॅमच्या ११.२० सेकंदांपेक्षा किती कमी? ११.२० − ९.९१ = १.२९ सेकंद.

तपासा: प्रत्येक गणिताआधी अंदाज लिहायचा. ६.८ जवळपास ७, ३.५ म्हणजे साडेतीन, बेरीज दहाच्या आसपास. मग ९.१३ आलं की मूल स्वतःच थबकतं.

टप्पा ६: १०, १००, १००० ने गुणणं-भागणं

‘दहाने गुणलं की शून्य लावा’ हा नियम इथे मोडतो: २.५ × १० = २.५० असं लिहिणारं मूल शिकवलेला नियमच पाळत असतं. तक्ता काढा. दहाने गुणल्यावर प्रत्येक अंक एक घर डावीकडे जातो: २ एककातून दशकात, ५ दशांशातून एककात. उत्तर २५. भागताना उजवीकडे. ‘टिंब सरकवा’ ही पद्धत हातात बसायला सोपी आहे, पण ती अंक सरकवून बघितल्यावरच द्या. नाहीतर कोणत्या बाजूला सरकवायचं हे दरवेळी अंदाजाने ठरतं.

याचा लगेच उपयोग एककं बदलताना करा. घरगुती गॅस सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. म्हणजे १४ किलो २ ग्रॅम का? १४.२ × १००० = १४२००, म्हणून १४ किलो २०० ग्रॅम. २.०५ किलो म्हणजे २ किलो ५० ग्रॅम. २ किलो ५ ग्रॅम लिहायचं असेल तर २.००५ किलो.

टप्पा ७: गुणाकार

दहा बाय दहाचा चौरस घ्या. पूर्ण चौरस म्हणजे १. तीन उभ्या ओळी रंगवा (०.३), दोन आडव्या ओळींवर रेघा मारा (०.२). दोन्ही खुणा असलेल्या चौकटी सहा, शंभरांपैकी. म्हणून ०.३ × ०.२ = ०.०६. ०.६ का नाही, हे इथे डोळ्यांना दिसतं. हे बघितल्याशिवाय ‘दशांश स्थळं मोजा’ हा नियम देऊ नका.

नंतर कृती: टिंब विसरून गुणा, दोन्ही संख्यांतली दशांश स्थळं मिळवा, उत्तरात उजवीकडून तेवढी स्थळं मोजून टिंब द्या.

सावधान: २.५ × ०.४ मध्ये २५ × ४ = १००. मूल आधी शून्यं उडवतं, १ उरतो, मग दोन स्थळं मोजून ०.०१ लिहितं. क्रम असा: आधी टिंब द्यायचं (१.००), शून्यं नंतर काढायची (१).

दुसरी अडचण समजाची आहे. ‘गुणलं की संख्या वाढते’ हे चौथीपर्यंत खरं वाटत आलेलं असतं. १ पेक्षा लहान संख्येने गुणलं की उत्तर लहान होतं. ८० × ०.५ म्हणजे ऐंशीचा अर्धा, ४०. मूल हे मान्य करायला वेळ घेतं, घेऊ द्या.

तपासा: १८० रुपये मीटरचं कापड २.७५ मीटर घेतलं तर किती रुपये? आधी अंदाज: पावणेतीन मीटर, तीनचे ५४०, म्हणजे त्याहून पाव मीटर कमी. पाव मीटरचे ४५. उत्तर ४९५. मग कागदावर गुणाकार करून ताळा बघा.

टप्पा ८: भागाकार

तीन प्रकार, याच क्रमाने.

(क) दशांशाला पूर्ण संख्येने. ७.२ ÷ ४: ७ एककांत ४ एकदा, ३ उरले, त्यांचे ३० दशांश, अधिक २, असे ३२ दशांश, ४ ने भागून ८ दशांश. उत्तर १.८. भाज्यातलं टिंब ओलांडताना भागाकारातही टिंब द्यायचं, तेव्हाच. शेवटी आठवून दिलं तर ते हमखास चुकतं.

आता ६.१२ ÷ ६. एककात १. पुढे १ दशांश, त्यात ६ बसत नाहीत, म्हणून दशांशाच्या घरात ० लिहिलंच पाहिजे. मग १२ शतांश, भाग २. उत्तर १.०२. हे मधलं शून्य गाळणं ही भागाकारातली सगळ्यात मोठी चूक आहे. पुढचा अंक खाली घेतला की भागाकारात एक अंक लिहायचाच, भाग जात नसेल तर शून्य, एवढं वाक्य मुलाकडून पाठ करून घ्यायला माझी हरकत नाही.

(ख) बाकी उरल्यावर पुढे. १५ ÷ ४ मध्ये भाग ३, बाकी ३. मूल ३.३ लिहितं, बाकी टिंबापुढे ठेवतं. बाकी म्हणजे दशांश नव्हे. ३ एककांचे ३० दशांश करा: ७ दशांश, उरले २. त्यांचे २० शतांश: ५. उत्तर ३.७५. ताळा: ३.७५ × ४ = १५.

(ग) भाजकच दशांश असेल तर. आधी अर्थ विचारा: ३ लिटर दूध ०.२५ लिटरच्या ग्लासात ओतलं तर किती ग्लास? लिटरला चार, तीन लिटरला बारा. म्हणून ३ ÷ ०.२५ = १२. भागूनही उत्तर वाढलं, आणि का वाढलं ते ग्लास मोजून कळलं.

कृती अशी: भाजक पूर्ण संख्या होईपर्यंत भाज्य आणि भाजक दोघांनाही सारख्याच १० किंवा १०० ने गुणा. ४.५ ÷ ०.१५ = ४५० ÷ १५ = ३०.

सावधान: काही मुलं शेवटी ‘आपण शंभरने गुणलं होतं’ म्हणून ३० ला परत शंभरने भागतात. दोघांना सारखंच गुणलं की भागाकार बदलत नाही, ५०/१०० आणि १/२ सारखेच असतात तसं. परत काही करायचं नाही.

टप्पा ९: ठरावीक दशांश स्थळांपर्यंत उत्तर

ठेवायच्या शेवटच्या अंकाच्या लगेच पुढचा अंक बघा. ५ किंवा जास्त असेल तर एक वाढवा, नाहीतर तसाच ठेवा. फक्त लगेच पुढचा. २.३४८ एका दशांश स्थळापर्यंत लिहायचं तर ४ बघा, उत्तर २.३. आधी २.३५ आणि मग २.४ असं दोन पायऱ्यांत केलं तर चुकतं.

गणिताच्या मध्येच आसन्न किंमत घेऊ नका. २०० रुपये तिघांत वाटले तर प्रत्येकी ६६.६७; तीनदा मिळवले की २००.०१ होतात.

टप्पा १०: टिंब आहे, पण दशांश नाही

हा टप्पा पुस्तकांत सहसा नसतो. मला तो आवश्यक वाटतो, कारण मूल शाळेबाहेर जी टिंबं रोज बघतं त्यांतली बरीचशी दशांश चिन्हं नसतातच.

क्रिकेट: १९.३ षटकं म्हणजे १९ षटकं आणि ३ चेंडू. षटकात चेंडू सहा, म्हणून हे खरं १९.५ षटकं. १५६ धावांची धावगती काढताना १९.३ ने भागलं तर ८.०८ येते, बरोबर उत्तर १५६ ÷ १९.५ = ८.

उंची: ‘पाच पॉइंट सहा’ म्हणजे ५ फूट ६ इंच, फुटाचे इंच बारा, म्हणून ५.५ फूट. ‘पाच पॉइंट अकरा’ हा माणूस ‘पाच पॉइंट दोन’ पेक्षा उंच असतो, टप्पा ४ च्या नियमाच्या उलट.

वेळ: १.३० तास असं लिहिलेलं दिसलं तर ते दीड तास आहे, १.५. साडेतीन वाजता घड्याळात ३:३० असतात, गणितात ३.५.

जमीन: एका एकरात गुंठे ४०. ‘२.२० एकर’ असं कुणी लिहिलं आणि अर्थ दोन एकर वीस गुंठे असेल, तर ते गणितात अडीच एकर. हेक्टर-आर मात्र चालतं, कारण एका हेक्टरमध्ये आर १००. १ हेक्टर २० आर म्हणजे खरोखर १.२० हेक्टर. सातबाऱ्यावरच्या क्षेत्राची बेरीज करणाऱ्यांनी आधी एकक कोणतं ते बघावं.

मुलाला एकच प्रश्न शिकवा: एका मोठ्या एककात छोटी किती? दहा, शंभर, हजार असेल तर दशांशाचे नियम लावा. सहा, बारा, चाळीस, साठ असेल तर आधी रूपांतर.

शेवटची चाचणी

ही सात गणितं एका बैठकीत, मदत न करता सोडवू द्या. उत्तर चुकलं तर कंसातल्या टप्प्यावर परत जा आणि तिथला सराव नव्या संख्या घेऊन करा. तेच गणित पुन्हा दिलं तर मूल फक्त उत्तर लक्षात ठेवतं.

१. ७.०८, ७.८, ७.१२५, ७.१ चढत्या क्रमाने. उत्तर: ७.०८, ७.१, ७.१२५, ७.८. (टप्पा ४, ७.०८ आणि ७.८ एकच वाटत असतील तर टप्पा १)

२. १४ − ३.६२. उत्तर: १०.३८. ११.६२ आलं तर ६२ नुसते उतरवले आहेत. (टप्पा ५)

३. ०.०६ × १००. उत्तर: ६. (टप्पा ६)

४. १.२ × ०.५. उत्तर: ०.६. ०.०६ आलं तर शून्य आधी उडवलं आहे. (टप्पा ७)

५. ९.०९ ÷ ९. उत्तर: १.०१. १.१ आलं तर मधलं शून्य गेलं. (टप्पा ८ क)

६. २ ÷ ०.०५. उत्तर: ४०. ०.४ आलं तर एकतर फक्त भाजकालाच गुणलं, नाहीतर शेवटी पुन्हा भागलं. कोणतं ते मुलालाच विचारा. (टप्पा ८ ग)

७. १७.५ षटकं झाली आहेत, आणखी ४ चेंडू टाकले. आता किती षटकं? उत्तर: १८.३. (१७.९ आलं तर टप्पा १०)